अकरावी ओळ

३ फेब्रुवारी

ताई,

पत्राच्या सुरुवातीला मोठ्या बहिणीला काय काय लिहायचं असतं ते शाळेत शिकवलं होतं म्हणे. तो तास मी बहुतेक कुंपणावरून उडी मारण्यात घालवला. तेव्हा नुसतंच ताई. पावणेदोन वर्षांनी लिहितोय, चालवून घे.

तुझा पत्ता मला ठाऊक नाही. आई सांगत नाही. महिला मदत केंद्रातल्या बाई म्हणाल्या, "पाकीट बंद करून दे, पोचवते. वाचायचं की चुलीत घालायचं ते तिचं ती बघेल." बाई कडक आहेत. चष्म्याला दोरी बांधलेली आहे, आणि बोलताना त्या दोरीलाच दटावल्यासारखं बोलतात.

मी आता रंगकामात आहे. त्याआधी तीन महिने ट्रकवर क्लीनर होतो, मग एका बेकरीत, मग बर्फाच्या कारखान्यात. बर्फाच्या कारखान्यात उन्हाळ्यातसुद्धा स्वेटर घालावा लागतो, हे तुला माहीत होतं का? असो. कुठून कुठे गेलो.

काल एका दवाखान्याच्या जिन्याचं काम चालू होतं. फरशीवर थेंब पडू नयेत म्हणून आम्ही जुने पेपर अंथरतो. मी शिडीवर उभा होतो, आणि खाली बघता बघता वाचायला लागलो. मुकादम ओरडला, "भिंगरी, रंग भिंतीला लावायचा असतो, बातमीला नाही!" हो, इथेही मला भिंगरीच म्हणतात. तू ठेवलेलं नाव मी कुठेही गेलो तरी माझ्याआधी तिथे पोचलेलं असतं.

बातमी अशी होती. युद्धातल्या गुन्ह्यांसाठी जे न्यायालय बसलंय तिथे साक्षीदार क्रमांक सात हिने पडद्याआडून साक्ष दिली. शाळेच्या पाचव्या खोलीत बायकांना त्रेचाळीस दिवस कोंडून ठेवलं होतं, असं ती म्हणाली. ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांच्यासाठी तिने मागच्या भिंतीवर कंपासपेटीतल्या कर्कटकाने ओळी कोरल्या. अकरा ओळी. न्यायालयाची माणसं बघायला गेली, तर भिंत कोरी आणि गुळगुळीत. शाळेत तळ ठोकलेल्या तुकडीचा जो प्रमुख होता, ज्याला सगळे साहेब म्हणतात, त्याचं म्हणणं शाळेत फक्त धान्य ठेवलं होतं. त्याचा वकील म्हणाला, "बाईंना भिंत स्वप्नात दिसली असावी." पुढे कंसात "हशा" असं छापलंय.

चोवीस तारखेला पुढची सुनावणी आहे. तोवर भिंतीचा पुरावा मिळाला नाही तर सात नंबरची साक्ष बाजूला काढतील आणि साहेब सुटेल.

ताई, ते त्रेचाळीस दिवस तू मावशीकडे होतीस असं आई सगळ्यांना सांगते. मीही तेच सांगत आलो. पण मावशीकडून परत आलेलं माणूस नळाखाली तासभर पाय धूत बसत नाही.

उत्तर दे असं म्हणत नाही.

तुझा भिंगरी

ता. क. ती भिंत मी रंगवली.


६ फेब्रुवारी

ताई,

शेवटी एक ओळ टाकून पळालो. सवय आहे. आता नीट सांगतो.

गेल्या मे महिन्यात शाळादुरुस्तीचं काम आलं. जूनला मुलं येणार होती. छपराला नवे पत्रे, खिडक्यांना काचा, भिंतींना पुट्टी आणि रंगाचे दोन हात. मुकादमाने खोल्या वाटल्या. मी उशिरा उठलो म्हणून मला पाचवी मिळाली. बाकीच्या खोल्यांना खिडक्या जास्त, म्हणजे भिंत कमी. पाचवीला एकच खिडकी, तीही वर.

भिंत लपवायला मला कुणीही सांगितलं नव्हतं. हे आधी लिहून टाकतो, नाहीतर तुला वाटेल कुणीतरी दम दिला असेल. दम दिला असता तर बरं झालं असतं. मुकादमाला फक्त जूनची काळजी होती.

मुकादमाचा एक नियम आहे. काम झालं की तो येतो, डोळे मिटतो आणि तळहात भिंतीवर ठेवून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जातो. हात जिथे अडखळेल तिथे खडूने फुली. "डोळ्यांना फसवशील रे, हाताला कसं फसवशील?" सहावीपर्यंत मला कुणी शाबास म्हटलं नाही. पण माझ्या भिंतीवर त्याचा हात कधीही अडखळलेला नाही. पाचव्या खोलीतही तो डोळे मिटून सबंध भिंत चालला आणि म्हणाला, "लोणी आहे, लोणी." मला तेव्हा आनंद झाला होता. खरं सांगतोय.

भिंतीवर ओरखडे होते. मला वाटलं पोरांची कामं. पोरं बाकावर नावं कोरतात, भिंतीवर बदाम काढतात. मी न बघता पुट्टी भरली. हातातल्या पातळ पत्र्याने दाबून भरायची, सुकली की पॉलिश पेपर मारायचा, पुन्हा भरायची. ओरखडा खोल असेल तर तीन वेळा. बाकीचे रंगारी एकदाच भरतात, म्हणून त्यांच्या भिंती पावसाळ्यानंतर दात दाखवतात.

मी न वाचता भरली, ताई.

भिंगरी


९ फेब्रुवारी

ताई,

मागचं पत्र खोटं होतं. जमिनीवर अंथरलेली बातमी सोडत नाही, तो माणूस भिंत सोडेल का?

वाचल्या. सगळ्या ओळी वाचल्या. पहिल्या ओळीलाच अक्षर ओळखलं. टपाल कचेरीच्या पायरीवर तू मांडीवर फळी घेऊन बसायचीस, लोकांचे अर्ज आणि पत्रं लिहून द्यायचीस, आणि मी शाळा बुडवून तुझ्या शेजारी शेंगा सोलत बसायचो. तुझं अक्षर मी अंधारातसुद्धा बोटांनी ओळखेन. एकदा तो म्हातारा आला होता, आठवतो? सुनेला पत्र लिही म्हणाला आणि एकामागून एक शिव्या सांगायला लागला. तू सगळ्या लिहून काढल्यास, एकही गाळली नाहीस. मी म्हटलं, "ताई, अगं शिव्या!" तू म्हणालीस, "पत्र त्याचं आहे. माझा फक्त हात." मग म्हातारा रडला आणि म्हणाला, फाड ते.

बघ, पुन्हा दुसरीकडेच गेलो.

मी वाचल्या आणि भरल्या. हे दोन्ही एकाच दिवशी केलं. नाव वाचायचो, गाव वाचायचो, पुढे दिवसांचा आकडा, आणि मग पत्रा. पहिल्या नावाला पत्रा दोनदा खाली ठेवला. चौथ्याला एकदाही नाही. हे मला सगळ्यात जास्त खातं. हाताला सवय होते.

का भरल्या? मला वाटलं, भिंत साफ झाली की झालेलं साफ होईल. जूनमध्ये मुलं येतील, पाढे म्हणतील, आणि तू मावशीकडेच होतीस असं होईल. वेड्यासारखं आहे, पण त्या दुपारी शहाण्यासारखं वाटत होतं.

आणि मी घरातून गेलो त्याबद्दल. तू मंगळवारी आलीस. मी तुला काहीच विचारलं नाही. तू जेवताना मी कसलेतरी विनोद सांगत होतो, तू ताटाकडे बघत होतीस. सहाव्या दिवशी म्हणालो, "जरा बाहेर जाऊन येतो." ते जरा अजून संपलेलं नाही. तुला वाटलं असेल मला तुझी किळस आली. किळस नव्हती. तू कधीतरी सांगायला लागशील याची भीती होती. तू सांगितलं असतंस तर मला काहीतरी करावं लागलं असतं, आणि मला काय करता येतं? उड्या मारता येतात.

भिंगरी


१३ फेब्रुवारी

ताई,

सोमवारी केंद्रात गेलो. पायऱ्यांवरून दोनदा परत फिरलो, तिसऱ्यांदा बाईंनीच वरून हाक मारली. "आत ये, नाहीतर पायऱ्या झिजतील."

त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी मला ओरडायला हवं होतं. ओरडल्या नाहीत. पाणी दिलं, मग कागद दिला. "तुझं निवेदन तुझ्या हाताने लिही."

मी लिहिलं, सदर खोलीत महिलांच्या बाबतीत जो प्रकार झाला. बाईंनी "प्रकार" या शब्दावर काट मारली. "प्रकार भाजीचे असतात. काय झालं ते लिही."

"बाई, माझी बहीण आहे हो त्यात."

"म्हणूनच लिही. तिने तो शब्द पडद्याआडून चौदा वेळा उच्चारला आहे. मी शेजारी बसले होते."

मी लिहिला. बलात्कार. तीन वेळा लिहिला. पहिल्यांदा इतकं बारीक लिहिलं की बाईंनी पुन्हा लिहायला लावलं.

सरकारी वकिलांनी न्यायालयाकडे अर्ज केला, सोळा तारखेला सगळ्यांसमोर भिंत उघडायची परवानगी मिळाली. उघडणार मी. बाई म्हणाल्या, "दुसऱ्या कुणाला दिलं तर तो हातोडा घालेल. तू घातलंस, तूच काढ." मुकादमाला सांगितलं तेव्हा तो बराच वेळ बादलीत काठी ढवळत राहिला. मग म्हणाला, "मी हात फिरवला होता रे त्याच्यावर." एवढंच. नंतर स्वतःची मऊ ब्रशांची पिशवी आणून माझ्यासमोर ठेवली. ती तो कुणाला शिवू देत नाही.

काल घरी गेलो. आई तांदूळ निवडत होती. मला बघून म्हणाली, "वाळलास." मग सगळं ऐकून घेतलं आणि निवडलेले तांदूळ पुन्हा निवडायला लागली.

"भिंत उघडून काय मिळणार आहे तुला? नावं चारचौघांत वाचतील. पोरीला तोंड दाखवायला जागा राहील का?"

"आई, तिने तोंड दाखवलंच नाही. पडद्याआडून बोलली, तरी लोक हसले."

"हसू दे. दात दुखले की थांबतील."

"तू तिला कधी विचारलंस का?"

"मी आई आहे. मला विचारावं लागत नाही." मग म्हणाली, "आणि तू रे? तू थांबलास का विचारायला?"

मी उठून चप्पल घालायला लागलो. ती म्हणाली, "घाल, घाल. तुझी चप्पल कायम दाराकडे तोंड करूनच असते." मी चप्पल काढली आणि परत आत जाऊन बसलो. पाच मिनिटंच, पण बसलो.

भिंगरी


१७ फेब्रुवारी

ताई,

काल भिंत उघडली.

न्यायालयाचे दोन अधिकारी, एक कॅमेरा घेतलेली मुलगी, सरकारी वकील, साहेबाचा वकील आणि बाई. मुलांना सुट्टी दिली होती. फळ्यावर आदल्या दिवशीचं भूगोलाचं चित्र तसंच होतं. साहेबाचा वकील तरुण आहे, रुमालाने बाकाची धूळ झटकून बसला.

रंग निघायला वेळ लागत नाही. कोमट पाणी, स्पंज, पाच मिनिटं थांबायचं, मग पत्रा आडवा धरून सोलायचं. खरं काम पुट्टीचं. ओली झाली की ती दह्यासारखी होते. तेव्हा मऊ ब्रशने रेघेच्या दिशेने काढायची. आडवा ब्रश मारला तर गिलावा जातो आणि रेघ जाते. मी रेघेच्या दिशेने जात होतो, म्हणजे तू ज्या दिशेने कोरलंस त्याच दिशेने. तुझा हात कुठे थांबला, कुठे पुन्हा जोर लावला, सगळं कळत होतं. भरताना हे कळलं नव्हतं, किंवा कळून घेतलं नव्हतं.

पहिलं नाव वर आलं. बाईंनी ते मोठ्याने वाचलं. गाव. सव्वीस दिवस. दुसरं. तिसरं. नावं इथे लिहीत नाही, तुला पाठ आहेत. सहाव्या नावाला कॅमेरावाल्या मुलीने कॅमेरा खाली ठेवला आणि व्हरांड्यात गेली. परत आली तेव्हा तोंड धुतलेलं होतं. दहा नावं निघाली, ताई. अक्षर अन् अक्षर निघालं. तुझ्या साक्षीत जी दहा सांगितली होतीस तीच, त्याच क्रमाने.

अकरावी निघाली नाही.

ती खाली, जमिनीजवळ होती. तिला मी नुसती पुट्टी भरली नव्हती. बाजूच्या न्हाणीघरात फरशांचं काम चाललं होतं, तिथून पांढरं सिमेंट आणलं आणि त्यात मिसळलं. ती कधीही, कुठल्याही पावसाळ्यात उघडी पडू नये म्हणून. काल मी दीड तास भिजवली. मग पत्र्याचं टोक लावलं. सिमेंट सुटलं नाही, त्याच्याखालचा गिलावा सुटला आणि ताटाएवढी खपली माझ्या मांडीवर पडली. उचलायला गेलो तर भुगा. मागे विटा.

साहेबाचा वकील उठला. "साक्षीदार अकरा म्हणाल्या होत्या. आम्हाला दहा दिसतात. आणि ही दहा नावं रंगाऱ्याने कालपरवा कोरली नसतील कशावरून? रंगारी त्यांचाच माणूस दिसतो." अधिकारी म्हणाले, अकरावीचा खुलासा चोवीस तारखेला व्हायला हवा. तो झाला नाही तर दहांवरही प्रश्न उभा राहील.

आता जे लपवलं ते लिहितो. त्या अकराव्या ओळीत नाव नव्हतं. दोनच वाक्यं होती.

माझ्या भावाला सांगू नका. तो भांडायला जाईल.

वरच्या दहांत तुझं नाव नाही. म्हणजे अकरावी तुझी. हे मी मे महिन्यातच वाचलं, गुडघ्यांवर बसून. आणि मग सिमेंट आणायला गेलो. मला वाटलं, तू म्हणालीस सांगू नका, तर मी तुझं ऐकतोय. मला कळलेलंच नाही, असं करून टाकतोय. न्यायालयात तू दहा नावं सांगितलीस, आणि अकरावीला नाव नाही, ती काय होती ते मी सांगणार नाही, असं म्हणालीस. तेही माझ्यासाठीच ना?

ती ओळ आता जगात दोघांनाच माहीत आहे. मी उभा राहून सांगितली तर सात नंबर कोण ते सगळ्यांना कळेल. साक्षीला उभा भाऊ, आणि ओळीतही भाऊ. न सांगितली तर साहेब सुटेल.

हो की नाही, एवढंच कळव. चिठ्ठीवर, पाकिटाच्या मागे, कशावरही. मी माझ्या मनाने काही करणार नाही. माझ्या मनाने केलेलं काय होतं ते काल मांडीवर पडलं.

भिंगरी


२१ फेब्रुवारी

ताई,

चार दिवस झाले. बाई म्हणतात, पत्र पोचलंय, यापुढे विचारू नकोस.

आज सकाळी मी बसमध्ये बसलो होतो. खोटं बोलत नाही. पिशवी घेतली, शेवटच्या थांब्याचं तिकीट काढलं, खिडकी मिळाली. शेजारचा माणूस कोंबड्यांच्या रोगांबद्दल सांगत होता, आणि मी अगदी मन लावून ऐकत होतो. मान वाकडी होण्याचा एक रोग असतो. त्याला औषध नाही.

बस शाळेवरून गेली. मधली सुट्टी होती, मुलं पटांगणात होती. सातवीआठवीतल्या मुली पायरीवर बसून एकमेकींच्या वेण्या घालत होत्या. पाचव्या खोलीला कुलूप, आणि दारावर न्यायालयाचा कागद.

मी ओरडलो, "थांबवा!" कंडक्टर म्हणाला, "काय राहिलं?" मी पिशवी ओढत दाराशी गेलो. तो म्हणाला, "तिकिटाचे पैसे परत मिळणार नाहीत हां." मी उतरलो.

नाही म्हणायचं असेल तरी म्हण. शिव्या दे. त्या म्हाताऱ्याने दिल्या होत्या तशा सगळ्या दे. पण मला असा सोडू नकोस, आतही नाही आणि बाहेरही नाही. मी तुला असंच सोडलं होतं ना? कळलं. आता कळलं, ताई.


२४ फेब्रुवारी

ताई,

तुझं पत्र आज सकाळी नऊला बाईंनी न्यायालयाच्या जिन्यात हातात दिलं. मी ते तिथेच, भिंतीला टेकून वाचलं. तुझी वाक्यं पुन्हा लिहितोय, मला ती माझ्या हाताने लिहायची आहेत म्हणून.

"भिंगरी, सगळी पत्रं वाचली. पहिली दोन फाडली, मग चिकटवली. तू कधी रे कुणाशी भांडलास? शेजारच्या कोंबड्याला घाबरून दार लावून घेणारा तू. तुझ्याबद्दल मी असं कशाला लिहीन?

"ती ओळ माझी नाही. माझं काहीच त्या भिंतीवर नाही. आमच्यात एक मुलगी होती, बाकावर झोपायची म्हणून आम्ही तिला बाकवाली म्हणायचो. तिने नाव सांगितलं नाही, गाव सांगितलं नाही. नाव बाहेर गेलं तर भावाला कळेल, तो धावून येईल आणि हे त्याला मारतील, हीच तिला धास्ती. मी म्हटलं, काहीतरी सांग गं, तुझंही कोरते. मग तिने ती दोन वाक्यं सांगितली. मी कोरली. एकोणिसाव्या दिवशी तिला बाहेर नेलं. परत आणलं नाही.

"मी तिला शब्द दिला होता, म्हणून न्यायालयात गप्प राहिले. आता भिंत नाही. तू नि मी गप्प राहिलो तर ती मुलगी जन्मालाच आली नव्हती असं होईल. सांग. जशी होती तशी सांग, एक शब्द इकडचा तिकडे करू नकोस. सात नंबर कोण ते लोकांना कळलं तर कळू दे.

"तू सहाव्या दिवशी गेलास ते मी विसरलेले नाही. घरी ये असंही म्हणत नाही."

ताई, मी किती महिने त्या ओळीवर बसून रडलो. माझी म्हणून. आणि ती एका मुलीची एवढीच वस्तू होती. मी तिला सिमेंट लावलं.

साक्षीला उभा राहिलो तेव्हा साहेब पहिल्यांदा दिसला. टक्कल पडलेला, चष्मा पुसत होता. मला वाटलं होतं काहीतरी वेगळा असेल. रस्त्यात पत्ता विचारला तर सांगेल असा माणूस.

त्याच्या वकिलाने विचारलं, "शिक्षण किती?"

"सहावी."

"आणि गेल्या वर्षी वाचलेली ओळ शब्दशः आठवते?"

"दोनच वाक्यं होती. आणि ती मी स्वतःच बुजवली. बुजवलेलं विसरता येत नाही."

"तुम्ही साक्षीदार क्रमांक सातचे भाऊ आहात?"

सरकारी वकील हरकत घ्यायला उठले, पण मी आधीच हो म्हणालो होतो. मग म्हणालो, "पण ओळीतला भाऊ मी नाही. ती ओळ दुसऱ्या मुलीची आहे. ती परत आलेली नाही. तिने नाव सांगितलं नव्हतं." आणि तुझं पत्र सरकारी वकिलांनी न्यायाधीशांकडे दिलं. त्यांनी ते दोनदा वाचलं आणि म्हणाले, "भिंतीवर काय होतं ते स्पष्ट आवाजात सांगा."

मी सांगितलं. माझ्या भावाला सांगू नका. तो भांडायला जाईल. कारकुनाने टंकलं. एक शब्द इकडचा तिकडे केला नाही.

साक्ष नोंदली, ताई. दहाही नावं पुराव्यात घेतली. साहेबाला सोडलेलं नाही. बाईंनी माझा खांदा इतका जोरात दाबला की अजून दुखतोय. तुला हेच आधी सांगायला हवं होतं, पण दुसरंच काहीतरी झालं, आणि मला ते कुणाला सांगावं कळत नाही.

न्यायालयात मागच्या बाकांवर रोज काही माणसं येऊन बसतात. ज्यांच्या घरच्या बायका परत आल्या नाहीत अशांची. मी ओळ म्हटली आणि मागे बाक सरकल्याचा आवाज आला. एक माणूस उभा राहिला होता. मग दुसरा. मग खिडकीजवळचा. मग एक माझ्याच वयाचा, शर्टाची बटणं वरखाली लागलेली. चौघे. शिपाई म्हणाला, "बसा, बसा खाली." एकही बसला नाही. न्यायाधीशांनी शिपायाला हातानेच थांबवलं.

आता ते चौघे बाहेर पायरीवर आहेत, आणि मी त्यांच्यापासून चार पावलांवर बसून हे लिहितोय. मला त्यांनी विचारलं, उंच होती का, केस किती लांब, बोलताना अडखळायची का. मी म्हणालो, मी फक्त भिंत पाहिली. ते एकमेकांकडे बघत नाहीत. चौघांपैकी एकाची ती असेल, किंवा एकाचीही नसेल. आणि प्रत्येकाला ती आपलीच हवी आहे, आणि आपली असू नये असंही वाटतंय. तुला तिचं जे आठवतं ते सगळं लिही, ताई. मी इथे रोज येईन. पण लिहिलंस तरी मी ते कुणाला वाचून दाखवू? तिने तर सांगू नका म्हटलं होतं, आणि मी आज भरल्या न्यायालयात सगळ्या भावांना सांगून बसलो.

त्यातला सगळ्यात थोराड माणूस, हाताला यंत्राचं काळं तेल लागलेलं, मघाशी माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "मी भांडायला गेलो नसतो हो. तिला उगाच वाटलं."

त्याच्यामागोमाग दुसराही आला आणि तेच म्हणाला.